बारा त्रेचाळीसची रुग्णवाहिका

सोमवार, १६ मार्च २००९, सकाळ

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात, माँट्रियलपासून साधारण १३० किलोमीटरवर मों-त्राँब्लाँ हा डोंगर आहे. हिवाळ्यात तिथे स्कीइंगसाठी लोक लोटतात. त्या सोमवारी नताशा रिचर्डसन तिथे होती. वय ४५. अभिनेत्री व्हेनेसा रेडग्रेव्ह आणि दिग्दर्शक टोनी रिचर्डसन यांची ही मुलगी स्वतःच्या बळावर मोठी अभिनेत्री झाली होती. ब्रॉडवेवरच्या ‘कॅबरे’मधल्या सॅली बोल्ससाठी तिला १९९८ मध्ये टोनी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या ‘द पेरेंट ट्रॅप’मधली जुळ्या मुलींची आई म्हणून आपल्याकडच्याही अनेकांना तिचा चेहरा आठवेल. नवरा, अभिनेता लियाम नीसन, त्या दिवशी टोरोंटोत चित्रीकरणात होता. दोन मुलगे, एक तेरा वर्षांचा, दुसरा बारा.

ती नवशिक्यांच्या उतारावर प्रशिक्षकाबरोबर स्कीइंगचा धडा घेत होती. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. तिथे त्याची सक्तीही नव्हती.

दुपार, बारा वाजून गेल्यावर

ती पडली. वेग फार नव्हता, झाडावर आदळली नाही, दुसऱ्या कुणाशी टक्कर नाही, रक्त नाही, जखम दिसत नाही. रिसॉर्टच्या निवेदनानुसार ती उठली, बोलली, हसली. सोबत असलेल्यांना काळजी वाटावी असं तिच्यात काही दिसलं नाही.

कवटीचं हाड सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं. कानशिलापाशी ते पातळ असतं आणि नेमक्या त्या पातळ हाडाच्या आतल्या बाजूला मेंदूच्या आवरणाला रक्त पुरवणारी एक धमनी हाडाला चिकटून वर जाते. तिथे मार बसला, हाडाला बारीक चीर गेली, की पुष्कळदा ही धमनी फाटते. रक्त कवटी आणि मेंदूचं बाहेरचं जाड आवरण यांच्या मधल्या जागेत साठू लागतं. याला वैद्यकात एपिड्युरल रक्तस्राव म्हणतात. मेंदूला स्वतःला अजून काहीही झालेलं नसतं. म्हणूनच माणूस नीट बोलतो, चालतो, विनोदही करतो. पण धमनीतलं रक्त दाबानं येत असतं आणि कवटी ताणली जात नाही. आत साठणाऱ्या रक्ताला जागा करून द्यायला मेंदूच्या भोवतालचं पाणी थोडं सरकतं, शिरांमधलं रक्त थोडं बाहेर ढकललं जातं. तेवढ्यावर काही वेळ निभावतं. तो वेळ कधी काही मिनिटांचा असतो, कधी कित्येक तासांचा.

अशा रुग्णांत साठलेलं रक्त ३० मिलिलिटरच्या वर असेल तर माणूस शुद्धीवर असला तरी शस्त्रक्रिया करावी, असं न्यूरोसर्जरीची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तीस मिलिलिटर म्हणजे जेवणाच्या टेबलावरचे दोन मोठे चमचे.

१२ वाजून ४३ मिनिटे

रिसॉर्टकडून रुग्णवाहिकेला पहिला फोन गेला. पुढे जे घडलं त्याच्या चर्चेत हा फोन नेहमी मागे पडतो, म्हणून मुद्दाम सांगते: कुणीतरी वेळेवर मदत मागवली होती. व्यवस्था हलली होती.

दुपारी १

सतरा मिनिटांत रुग्णवाहिका पोहोचली. तिच्या कर्मचाऱ्यांना सांगण्यात आलं की गरज नाही. कर्मचाऱ्यांनी नताशाला तपासलंच नाही, कारण तपासायचं असं कुणी त्यांच्यापुढे आलंच नाही. गाडी रिकामी परतली.

इथे नताशाला दोष देणं फार सोपं आहे आणि फार चुकीचं आहे. आपण पडल्यावर काय करतो ते आठवून पाहा. भर रस्त्यात स्कूटर घसरते, चार माणसं जमतात, कुणी पाणी आणून देतं, आणि आपलं पहिलं वाक्य असतं, ‘काही नाही झालं, ठीक आहे मी.’ त्यात लाज असते, लोकांना उगाच त्रास नको ही भावना असते, आणि आपल्याला खरंच तसं वाटतही असतं. प्रश्न इतकाच की ज्या मेंदूला मार बसला आहे की नाही ते ठरवायचं आहे, त्याच मेंदूला आपण साक्षीला उभं करतो. त्या घटकेला ती साक्ष धरता येत नाही.

डॉक्टरांची नियमावलीही इथे तोकडी पडते. डोक्याला सौम्य मार लागलेल्या कोणत्या रुग्णाचा सीटी स्कॅन करायचा, याची जगभर वापरली जाणारी कसोटी कॅनडातच तयार झाली. तिथल्या दहा रुग्णालयांतल्या ३,१२१ रुग्णांच्या अभ्यासातून ती २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. दोन किंवा जास्त उलट्या, ६५ किंवा त्याहून जास्त वय, दोन तासांनंतरही पूर्ण भानावर न येणं, कवटीच्या तळाचं हाड मोडल्याच्या खुणा, अशा गोष्टी ती तपासते. पण ही कसोटी ज्यांची शुद्ध हरपली, ज्यांना काही आठवेनासं झालं किंवा जे गोंधळले, अशांसाठी आहे. पडल्यापडल्या हसत उठलेलं माणूस तिच्या चौकटीतच येत नाही. अशा माणसासाठी एकच उपाय उरतो: दुसऱ्या कुणीतरी पुढचे तास त्याच्यावर नजर ठेवणं.

दुपारी १ ते ३

नताशा चालत हॉटेलवर गेली. प्रशिक्षक सोबत होता. डॉक्टरला दाखवावं असं तिला पुन्हा सुचवलं गेलं, तिनं पुन्हा नको म्हटलं. याच दुपारी कधीतरी तिनं नवऱ्याला फोन केला आणि बर्फात आपण घसरून पडलो, एवढंच सांगितलं. लियाम नीसननं पुढे मुलाखतींत या फोनबद्दल सांगितलं आहे. फोनवरच्या आवाजात काळजीचं काही नव्हतं.

हे दोन तास म्हणजे सगळ्या कहाणीचा गाभा. डॉक्टर या अवस्थेला शुद्धीचा मधला काळ म्हणतात. एपिड्युरल रक्तस्रावाच्या प्रत्येक रुग्णात तो येतोच असं नाही; कित्येक जण पडल्यापासून बेशुद्ध असतात, काही जण शेवटपर्यंत शुद्धीवर असतात. पण येतो तेव्हा तो भोवतालच्या सगळ्यांना फसवतो. ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच एक अभ्यास छापला, मार लागल्यानंतर बोललेल्या आणि तरीही दगावलेल्या रुग्णांचा. जो बोलू शकला, त्याच्या मेंदूला पहिल्या धक्क्यानं जीवघेणी इजा केली नव्हती, एवढं नक्की. त्याला मारलं ते नंतरच्या घडामोडींनी, आणि त्यांतल्या पुष्कळशा वेळेत सापडल्या असत्या तर थांबवता आल्या असत्या.

भारतीय वाचकांना इथे क्रिकेटपटू रमण लांबा आठवेल. २० फेब्रुवारी १९९८, ढाक्यातलं बंगबंधू स्टेडियम, क्लबांचा सामना. षटकाचे तीनच चेंडू उरले होते म्हणून हेल्मेट न घालताच तो फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहिला, असं सांगितलं जातं. फटका थेट त्याच्या डोक्याला लागला. तो उठला, चालत ड्रेसिंग रूममध्ये गेला. तिथे त्याची तब्येत ढासळली आणि तीन दिवसांनी, २३ फेब्रुवारीला तो गेला. वय ३८.

त्या हॉटेलच्या खोलीत, किंवा आपल्या घरातल्या दिवाणखान्यात, या दोन तासांत काय करायला हवं?

पहिली गोष्ट, माणसाला एकटं सोडायचं नाही. किमान चोवीस तास घरात दुसरं मोठं, जागरूक माणूस हवंच. ‘थोडं पडते, बरं वाटेल’ म्हणून दार लावून झोपू द्यायचं नाही. झोपच येऊ द्यायची नाही हा आपल्याकडचा जुना समज मात्र खरा नाही. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल आणि माणूस नीट वागत-बोलत असेल तर त्याला झोपू द्यावं. पहिल्या रात्री त्यांनी सांगितलं असेल त्याप्रमाणे मधूनमधून हलवून जागं करावं, नाव विचारावं, कुठे आहोत ते विचारावं. हाक मारूनही उठत नसेल, उठून अडखळत बोलत असेल, पुन्हापुन्हा झापड येत असेल, तर त्याला झोप म्हणू नका. उचला आणि रुग्णालयात न्या.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारत राहा, पण ‘बरं वाटतंय ना?’ हा नव्हे. त्याला उत्तर नेहमी ‘हो’च येतं. आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, पडलास तेव्हा सोबत कोण होतं, धाकट्याची परीक्षा कधी आहे, असे प्रश्न विचारा. अर्ध्या तासानं तेच पुन्हा विचारा. उत्तर बदललं, लांबलं, तिरसट झालं, तर कान टवकारा. एरवी शांत असलेलं माणूस एकाएकी चिडचिड करू लागलं तर ‘दुखत असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

वाढत जाणारी डोकेदुखी ही सगळ्यात मोठी खूण. मार लागल्यावर डोकं दुखणारच. पण ते तासागणिक उतरायला हवं. चढत असेल तर थांबायचं नाही. पुन्हा उलटी होणं, आकडी येणं, एका हातापायातली ताकद कमी होणं, चालताना झोकांडी जाणं, नजर दुहेरी होणं, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं काही गळणं, कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं पडणं, यांतलं एकही पुरेसं आहे. एका डोळ्याची बाहुली मोठी होणं ही खूण बहुतेकांना ठाऊक असते, आणि लोक टॉर्च घेऊन तिचीच वाट पाहतात. ती उशिराची खूण आहे. साठलेल्या रक्तानं मेंदू खाली ढकलला जाऊन डोळ्याच्या मज्जातंतूवर दाबला जातो, तेव्हा बाहुली पसरते. त्याच्या आधी बोलणं मंदावतं, झापड येते. बाहुल्या सारख्या आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका.

टेंगूळ बाहेर आलं म्हणजे आत काही नाही, असं आपल्याकडे घरोघर ऐकायला मिळतं. टेंगूळ कातडीखालचं असतं. हाडाच्या आत काय चाललंय याची त्यावरून काहीच कल्पना येत नाही. त्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. चोळू नये, बाम रगडू नये.

दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, ठरलेल्या मात्रेत. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण या गोळ्या रक्त साकळण्यात अडथळा आणू शकतात. घरच्या डब्यातल्या पुष्कळ वेदनाशामक गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक मिसळलेलं असतं, म्हणून पाकिटावरची नावं वाचूनच गोळी द्या. झोपेची गोळी नाही, दारू नाही. दोन्हींमुळे येणारी गुंगी आणि मेंदूवरच्या दाबाची गुंगी बाहेरून ओळखता येत नाही. दारू पिऊन पडलेल्या माणसाबाबत तर हा धोका दुप्पट. ‘चढलीय, झोपू दे’ असं म्हणून किती जण गेले असतील!

तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. ते थांबतच नाही असं रडतं, दूध ओढत नाही, निपचित पडतं, किंवा त्याची टाळू फुगलेली लागते. अशा वेळी तासभरही घरी थांबू नका. आजी-आजोबांची गोष्ट वेगळी, पण तितकीच गंभीर. हृदयाचा त्रास झालेल्या, स्टेंट बसवलेल्या, वॉरफरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असलेल्या माणसाचं डोकं न्हाणीघरात आपटलं, तर काहीही वाटत नसलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात दाखवायचं. गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत. त्या कोणत्या आहेत ते डॉक्टरांना सांगायचं.

मों-त्राँब्लाँच्या त्या खोलीत, पडल्यानंतर साधारण तासाभरानं नताशाचं डोकं दुखू लागलं.

दुपारी ३

दुसरा फोन. या वेळी हॉटेलमधून.

३ वाजून ९ मिनिटे

नऊ मिनिटांत रुग्णवाहिका दारात. पण पहिली गाडी परतून दोन तास उलटले होते. नताशा शुद्धीवर होती, मात्र प्रकृती घसरत चालली होती. कर्मचाऱ्यांनी तिला स्थिर करायला अर्धा तास घेतला.

या टप्प्यावर डॉक्टर आणि रुग्णवाहिकेतले लोक ग्लासगो कोमा स्केल वापरतात. टीसडेल आणि जेनेट या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये तयार केलेली ही मोजपट्टी. डोळे कधी उघडतो, बोलतो कसा, हात कसा हलवतो, एवढ्यावरून ३ ते १५ गुण. तिचं सगळं महत्त्व एका वेळच्या आकड्यात नसून घसरणीत आहे. १५ चे १३ झाले, तर १३ हा आकडा वाईट नाही असं म्हणून चालत नाही. दोन गुण कशानं गेले हे शोधावं लागतं. घरातल्या माणसाला गुण मोजता येणार नाहीत, पण घसरण दिसते. म्हणून मार कधी लागला, डोकं कधी दुखू लागलं, पहिली उलटी कधी झाली, हे घड्याळात पाहून कागदावर लिहून ठेवा. रुग्णालयात गेल्यावर तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. ‘मघाशी बरा होता’ यापेक्षा ‘सव्वादोनला वार नीट सांगत होता, पावणेतीनला सांगता आला नाही’ या वाक्यानं शस्त्रक्रियेचं टेबल लवकर मिळतं.

४ वाजून २० मिनिटांच्या सुमारास

ती सँत-आगातच्या रुग्णालयात पोहोचली. जवळचं रुग्णालय हेच. पण मेंदूवरच्या शस्त्रक्रियेसाठी माँट्रियल गाठावं लागणार होतं.

आपल्या महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत राहणाऱ्यांना हा टप्पा वेगळा सांगायला नको. अपघात एका गावात, सीटी स्कॅन तालुक्याला किंवा जिल्ह्याला, न्यूरोसर्जन त्याच्याही पुढे. म्हणून डोक्याच्या दुखापतीत ‘जवळचं’ नव्हे, ‘जिथे स्कॅन होतो आणि कवटी उघडता येते ते जवळचं’ ठिकाण शोधायचं. १०८ ला फोन करताना डोक्याला मार आहे आणि माणूस झोपाळतोय, हे पहिल्याच वाक्यात सांगायचं. मध्येच ओळखीच्या दवाखान्यात थांबून सलाइन लावून घेण्यात जो तास जातो, तो पुन्हा मिळत नाही.

क्वेबेकमध्ये तेव्हा रुग्णांना हवेतून नेणारी हेलिकॉप्टर सेवा नव्हती. तिच्या मृत्यूनंतर माँट्रियलच्या एका बड्या रुग्णालयाच्या अपघात विभागप्रमुखांनी जाहीरपणे सांगितलं की एखाद्या व्यक्तीबद्दल बोलता येणार नाही, पण आपली व्यवस्था अशा दुखापतींसाठी उभारलेलीच नाही. त्यांचं म्हणणं पटतं. नताशानं पहिली गाडी परत पाठवली, हे खरं. पण दुसऱ्या गाडीला तिला न्यूरोसर्जनपर्यंत न्यायला चार तासांच्या आसपास लागले, हेही खरं, आणि त्याचा हिशेब तिच्या नावावर लावता येत नाही.

इथे १९६२ चं बार्बाडोस आठवतं. भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर चार्ली ग्रिफिथच्या चेंडूनं डोक्यावर घायाळ झाला. तोही आधी पायांवर उभा राहिला. पण रुग्णालय शहरातच होतं, तिथल्या डॉक्टरांनी थांबून न राहता कवटी उघडली, त्रिनिदादहून न्यूरोसर्जन आला. रक्त द्यायला प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल पुढे झाला आणि आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उमरीगरही. कॉन्ट्रॅक्टर वाचला. तेव्हा सीटी स्कॅन अस्तित्वात नव्हता. पहिला रुग्ण स्कॅन झाला तो १९७१ मध्ये, लंडनला. म्हणजे यंत्र नसताना, नऊ वर्षं आधी, वेळेत केलेल्या शस्त्रक्रियेनं जे साधलं, ते सगळी यंत्रं असतानाच्या २००९ मध्ये वेळ निघून गेल्यामुळे साधलं नाही.

संध्याकाळी ७ च्या सुमारास

माँट्रियल. साक्रे-कर रुग्णालय, प्रांतातल्या मोठ्या अपघात केंद्रांपैकी एक. पडल्यापासून सहा तासांहून जास्त झाले होते. लियाम नीसन टोरोंटोहून विमानानं धावत आला. त्यानं नंतर सांगितलं आहे की तो पोहोचला तेव्हा तिचा मेंदू मृत झाला होता.

मेंदूवर दाब एका मर्यादेपलीकडे गेला की शरीर शेवटची धडपड करतं. रक्तदाब चढतो, नाडी मंदावते, श्वास अनियमित होतो. हा क्रम दिसू लागला की हातात मिनिटं उरलेली असतात. शुद्धीवर असताना शस्त्रक्रिया झालेले एपिड्युरल रक्तस्रावाचे बहुसंख्य रुग्ण वाचतात आणि त्यांतले पुष्कळ जण पूर्ववत कामाला लागतात. बाहुल्या पसरून बेशुद्ध झालेल्यांच्या वाट्याला ते फार कमी वेळा येतं. दुखापत तीच, शस्त्रक्रियाही तीच.

मंगळवार, १७ मार्च

तिला विमानानं न्यूयॉर्कला, लेनॉक्स हिल रुग्णालयात नेलं. आई, बहीण, मुलं भेटून गेली.

बुधवार, १८ मार्च

नताशा रिचर्डसनचा मृत्यू झाला. तिचे अवयव दान करण्यात आले.

गुरुवार, १९ मार्च

न्यूयॉर्कच्या वैद्यकीय परीक्षकांनी कारण जाहीर केलं: डोक्याला बसलेल्या मारामुळे एपिड्युरल रक्तस्राव, अपघात. त्या रात्री ब्रॉडवेवरच्या नाट्यगृहांचे दिवे मंद करण्यात आले. क्वेबेकमध्ये स्कीइंगसाठी हेल्मेटसक्तीची चर्चा सुरू झाली. हेल्मेटनं कवटीची चीर टळू शकते, त्यामुळे ती चर्चा व्हायलाच हवी होती. आपल्याकडे दुचाकीवर मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर आणि न बांधलेल्या पट्ट्यावरही ती व्हायला हवी. पण हेल्मेट घालूनही माणसं पडतात, घरात फरशीवर घसरून पडतात, खाटेवरून पडतात, आणि तेव्हा पुन्हा प्रश्न पुढच्या तासांचाच येतो.

जे दिवस तिला मिळाले नाहीत

डोक्याला मार लागलेल्या बहुतेकांच्या मेंदूत रक्तस्राव होत नाही. स्कॅन चांगला येतो, डॉक्टर घरी पाठवतात, आणि मग सुरू होतो तो काळ ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. बाहेरून सगळं ठीक. आतून मात्र उजेड सहन होत नाही, टीव्हीचा आवाज डोक्यात घुमतो, दोन पानं वाचली की थकवा येतो, शब्द आठवत नाहीत, रडू येतं, झोप उडते. घरचे म्हणतात, रिपोर्ट तर नॉर्मल आहे. रिपोर्ट नॉर्मल असतो कारण हलून गेलेल्या मेंदूच्या पेशींचा गोंधळ स्कॅनवर दिसत नाही. माणूस नाटक करत नसतो. त्याच्यावर विश्वास ठेवा.

पहिले एक-दोन दिवस शांत जावेत. अंधाऱ्या खोलीत कोंडून घेण्याची गरज नाही. घरात हिंडावं, पण मोबाइल आणि संगणक शक्य तितका दूर ठेवावा. मग थोडं चालणं, थोडं काम, त्रास वाढला की एक पायरी मागे. मुलाला लगेच पूर्ण दिवस शाळेत पाठवू नका. अर्धा दिवस, मग पूर्ण, परीक्षेसाठी सवलत मागायला लाजू नका. मैदानावर तर त्याच दिवशी परतायचंच नाही, पुढेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच, कारण मेंदू सावरण्याआधी बसलेला दुसरा मार पहिल्यापेक्षा हलका असूनही फार मोठा घात करू शकतो. दुचाकी, शिडी, यंत्रावरचं काम यांनाही तोच नियम. बहुतेकांना दोन ते चार आठवड्यांत बरं वाटतं. त्यापुढेही त्रास राहिला तर पुन्हा दाखवा, ‘सवय होईल’ म्हणून काढू नका.

वयस्क माणसांवर मात्र महिना-दोन महिने लक्ष ठेवा. त्यांच्यात शिरांमधून झिरपणारं रक्त मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साठतं, कधी कधी आठवड्यांनंतर कळतं. आजोबा अलीकडे विसरतात, पाय ओढतात, दिवसा झोपतात, असं वाटू लागलं तर ‘वय झालं’ म्हणण्याआधी मागच्या महिन्यात ते पडले होते का ते आठवा. तेवढं सांगितलं तरी डॉक्टर स्कॅन करतात, आणि हा रक्तस्राव काढता येतो.

त्याच आठवड्यात, ओहायो

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सात वर्षांच्या एका मुलीला खेळताना डोक्याला बेसबॉलचा चेंडू लागला. टेंगूळ आलं, घरच्यांनी बर्फ लावला, मुलगी हसतखेळत होती. दोन दिवस काही नाही. मग रात्री झोपायच्या वेळी तिचं डोकं जोरात दुखू लागलं. तिच्या आईवडिलांनी नताशा रिचर्डसनची बातमी पाहिली होती. एरवी त्यांनी सकाळपर्यंत वाट पाहिली असती. त्या रात्री त्यांनी वाट पाहिली नाही. रुग्णालयात स्कॅन झाला, एपिड्युरल रक्तस्राव निघाला, हेलिकॉप्टरनं मुलीला क्लीव्हलँडला हलवलं आणि तिथे तातडीनं शस्त्रक्रिया झाली. ती वाचली.